स्वतः चाल लावलेल्या गाण्यांची स्पर्धा : परीक्षक म्हणून पहिल्यांदा बसताय? मग हे वाचा

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुठल्या ना कुठल्या मंडळाला स्पर्धा घ्यायची हुक्की येतेच. गायनाच्या स्पर्धा तर आधीपासून चालतच आल्यात, पण हल्ली स्वतः चाल लावलेली गाणी मागवायला सुरुवात झालीय, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवता येतं म्हटल्यावर एंट्र्याही धडाधड येतात. मग कुणीतरी तुम्हाला फोन करतं, सर तुम्ही पेटी वाजवता नव्हे, या की परीक्षक म्हणून, दोन-तीन तासांचं काम आहे. (ते दोन-तीन तासांचं नसतं.) तुम्ही हो म्हणता आणि फोन ठेवल्यावर डोक्यात येतं की आता करायचं काय नेमकं. हा लेख त्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निकालावरून जी भांडणं होतात त्यातली बहुतेक पहिलं गाणं ऐकायच्या आधीच पक्की झालेली असतात, कारण नियम कुणी नीट ठरवलेले नसतात. परीक्षक कितीही सज्जन असू दे, कान दमतो, ओळखीचा आवाज आला की मन मऊ होतं, आणि बेरीज करताना एखादा खडूस मार्कवाला बाकीच्यांना खाऊन टाकतो. त्यामुळं खालचं जे काय आहे ते बरंचसं ऐकण्याआधीच्या तयारीचं आहे.

पहिलं काम : मार्क कशाला द्यायचे ते ठरवा

स्पर्धा चालीची आहे, गळ्याची नाही. हे ऐकायला सोपं आहे पण पाळायला लई अवघड. एका बाजूला स्टुडिओत जाऊन, कीबोर्ड-तबला-बासरी सगळं भरून, गोड गळ्याच्या मुलीकडून गाऊन घेतलेलं गाणं येतं आणि दुसऱ्या बाजूला चिकोडीकडच्या एखाद्या मास्तरांनी पेटीवर स्वतःच गुणगुणलेलं, मागं पंखा घरघरतोय, मधेच दारावरची बेल वाजतेय. पहिलं ऐकताना तुमचं डोकं आपोआप आठ-साडेआठ म्हणतं. मास्तरांची चाल जास्त चांगली असली तरी ती तुम्हाला पंख्याच्या आवाजातून खणून काढावी लागते आणि तेवढे कष्ट घ्यायचे पैसे, मानधन म्हणा, तुम्हाला मिळतात असं समजा.

म्हणून मार्कांची वाटणी आधीच कागदावर हवी, आणि ती स्पर्धकांनाही जाहिरातीतच सांगितलेली हवी. मला पटलेली वाटणी अशी : चालीला ४०, शब्द आणि सूर एकमेकांशी जुळलेत का त्याला ३०, बांधणीला २० म्हणजे मुखडा (परत परत येणारी पहिली ओळ), मग अंतरा (मधलं कडवं), परत मुखड्यावर येणं हे सगळं कसं जमलंय, आणि वाद्यमेळाला १०. गायकीला शून्य, रेकॉर्डिंगला शून्य. वाद्यमेळाला पण १०च, कारण तिथं पैसा बोलतो. काही ठिकाणी ‘एकूण प्रभाव’ नावाचा एक कप्पा ठेवतात, तो कृपा करून काढून टाका, त्या कप्प्यातूनच सगळी चोरी होते.

चालीचे ४० द्यायचे म्हणजे काय बघायचं? गाणं एकदा ऐकून बंद करा आणि मुखडा गुणगुणून बघा, आठवतोय का. मग अंतरा मुखड्यापेक्षा वेगळ्या जागी जातोय का बघा, बऱ्याच नवख्या चालींत अंतरा म्हणजे मुखडाच वरच्या सुरात ढकललेला असतो. आणि अंतऱ्यावरून परत मुखड्यावर येताना उडी मारून येतोय की सहज उतरतोय, हे तर नक्की ऐका. तिथं खरा चाल बांधणारा ओळखू येतो.

शब्द-सुराचे ३० मार्क, जिथं बहुतेक परीक्षक घाई करतात

इथं जरा थांबतो कारण नवीन माणसाला सगळ्यात कमी शिकवलेली गोष्ट हीच आहे. करायचं असं, गाणं लावायच्या आधी कवितेच्या ओळी मोठ्यानं वाचा, आपण बोलतो तसं. कुठं श्वास घेतला, कुठल्या अक्षरावर जोर गेला ते पेन्सिलनं खूण करा. मग गाणं ऐका आणि खुणा जुळतात का बघा. समजा ओळ आहे ‘आज पाऊस आला दारी’. चालीत ‘आज पाऊ’ वर ओळ तुटली आणि ‘स आला दारी’ तालाच्या पुढच्या फेऱ्यात गेलं तर शब्दाचा तुकडा पडला, मार्क गेले. ‘कळी’तला क ताणला तर कळीची काळी होते. असल्या गोष्टी हसण्यावारी जातात पण चाल बांधणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घाकडं बघितलंय की नाही ते इथंच कळतं.

अभंगाला चाल लावलेली असेल तर अजून एक. मोठ्या अभंगाची अक्षरं सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अशी असतात. पहिले तीन चरण सरळ बसतात आणि शेवटचा चार अक्षरांचा तुकडा आला की नवखा माणूस गडबडतो, मग एक तर ती चार अक्षरं उगाच ताणतो नाहीतर मधे ‘गा’, ‘हो’, ‘रे’ घुसवून जागा भरतो. ज्यानं त्या छोट्या चरणाचा उपयोग करून घेतलाय, तिथं थांबा दिलाय किंवा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून सोडलंय, त्याला भरभरून द्या.

नावं झाका, पण नीट झाका

एंट्र्या घेणारा माणूस एकच असू दे आणि तो परीक्षक नसू दे. त्यानं प्रत्येक गाण्याला नंबर द्यायचा आणि नाव-नंबरची यादी स्वतःकडं ठेवायची, निकाल लागेपर्यंत ती अध्यक्षांना पण दाखवायची नाही. इथवर सगळे करतात. पुढचं कुणी करत नाही, ते म्हणजे फाईलचं नाव बदलून भागत नाही, एमपी३ फाईलच्या पोटात कलाकाराचं नाव, अल्बम वगैरे माहिती असते आणि गाणं वाजायला लागलं की प्लेअरच्या पडद्यावर ती झळकते. ती पुसून टाकायला फुकटची सॉफ्टवेअर मिळतात, नोंदणीवाल्या पोराला सांगा, पाच मिनिटाचं काम आहे. गाण्याच्या सुरुवातीला ‘नमस्कार, मी अमुक अमुक, वडगावहून’ असं कुणी बोललं असेल तर तेवढं कापून टाकायचं.

आणि स्पर्धकांना सांगा की व्हॉट्सॲपवर गाणं पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड करून नको, त्यात आवाज चेपला जातो आणि मग तंबोरा आणि पंखा यातला फरकच कळत नाही.

व्हिडिओ मागवूच नका. २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झालाय, चिया-जुंग त्साय नावाच्या बाईंचा, त्यात लोकांना संगीत स्पर्धांचे तुकडे दाखवून विजेता कोण ते ओळखायला सांगितलं होतं. ज्यांना आवाज बंद करून नुसता व्हिडिओ दाखवला त्यांनी विजेता जास्त बरोबर ओळखला, नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा, आणि त्यात संगीतातली जाणकार मंडळी पण होती. म्हणजे जाणकारांचेसुद्धा डोळे कानाच्या पुढं धावतात. आपण कोण लागून गेलो.

आता बेळगावसारख्या ठिकाणी नावं झाकली तरी आवाज कसा झाकणार, हा प्रश्न येतोच. शहापुरातल्या एका गल्लीत दोन संगीत क्लास, प्रत्येक परीक्षक कुणाचा तरी गुरू, कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी पावणा. यावर उपाय एकच, एक जादा परीक्षक ठेवायचा जो सगळी गाणी ऐकून मार्क देऊन ठेवेल. ज्याला आपल्या शिष्याचा किंवा घरच्याचा आवाज ओळखू आला त्यानं त्या नंबरपुढं मार्क न लिहिता फुली मारायची आणि त्या गाण्याला जादावाल्याचे मार्क धरायचे. कारण विचारायचं नाही, चर्चा करायची नाही. काही लोकांना फुली मारणं म्हणजे कमीपणा वाटतो, ‘मी काय पक्षपात करणार आहे का’ म्हणतात. नसतील करत, पण खाली प्रेक्षकांत बसलेल्याला ते कसं कळणार?

आवाज सारखा करा

छोटं आहे पण फार उपयोगी. तेच गाणं जराशा मोठ्या आवाजात लावलं तर ते जास्त चांगलं वाटतं, आणि आवाज वाढवलाय हे ऐकणाऱ्याच्या लक्षात पण येत नाही. म्हणून सगळ्या फाईली एका पातळीवर आणायच्या. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशन म्हणून सोय आहे, सगळ्या गाण्यांना उणे १६ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक) द्या आणि मोकळे व्हा. सगळ्या परीक्षकांनी हेडफोनवरच ऐकायचं हे पण ठरवून टाका. एकानं गाडीत, एकानं मोबाईलच्या स्पीकरवर आणि एकानं दुकानात गिऱ्हाईक करता करता ऐकलं तर तिघांनी तीन वेगळी गाणी ऐकली असं समजा.

मराठी, कन्नड, कोकणी

आपल्याकडं हे येणारच. कुणी तुकोबांचा अभंग घेतो, कुणी बसवण्णांचं वचन (कन्नडमधली छोटी भक्तिरचना) नाहीतर पुरंदरदासांचं पद, खानापूरच्या खालच्या अंगाचा कुणीतरी कोकणीत लिहितो. बाजारापुरतं कन्नड आपल्याला सगळ्यांनाच येतं पण वचनातलं कन्नड वेगळं, तिथं आपली गाडी अडते. आणि जी भाषा कळत नाही त्यातलं गाणं दोन प्रकारे चुकीचं मोजलं जातं, एक तर ‘काय कळालं नाही बाबा’ म्हणून सहा, नाहीतर आपण पक्षपाती दिसू नये म्हणून उगाच नऊ.

यासाठी असं करा. प्रत्येक गाण्याचे शब्द स्वतंत्र कागदावर, देवनागरीत, दोन ओळींत अर्थासकट मागवा. मग ती भाषा घरात बोलणाऱ्या कुणाकडून तरी ते शब्द साध्या बोलण्यात वाचून घ्या आणि ते वाचन परीक्षकांना गाण्याच्या आधी ऐकवा, मराठी गाण्यांनाही तसंच करायचं, नियम सगळ्यांना सारखा. शब्द कुठं तुटतो, जोर कुठं येतो ते बोलण्यातून कानाला कळतं, अर्थ पूर्ण कळायची गरज नसते. तरी पॅनलवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा चांगल्या येणारा एक माणूस हवाच हवा. बेळगावात असा माणूस मिळत नाही असं कुणी म्हणालं तर त्यानं शोधलंच नाही.

प्रकारांचंही तसंच. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथंच सुळेभावीला झाला, पेटीवाले पं. रामभाऊ विजापुरे बेळगावचेच, पलीकडं धारवाड-हुबळी म्हणजे ख्यालाची, शास्त्रीय गाण्याची पेठ. याचा अभिमान असतोच आणि असू दे, पण त्याचा एक तोटा असा की भावगीत आणि अभंग आला की परीक्षक सावरून बसतात आणि रॅप किंवा बँडचं गाणं आलं की मोबाईल बघायला लागतात. रॅपमध्ये पण चाल असते, ती लयीत असते, शब्द तालाच्या कुठल्या खणात पडतात आणि कुठल्या खणात मुद्दाम मोकळी जागा सोडलीय त्यात असते. हे मार्कपत्रिकेवर लिहूनच ठेवा की चाल म्हणजे सुरांची आणि लयीची रचना, नुसता राग नव्हे.

ऐकायचं कसं

सगळ्यांनी मिळून आधी दोन-तीन सरावाची गाणी ऐका, स्पर्धेतली नकोत, कुठलीही साधी हौशी गाणी. प्रत्येकानं मार्क द्यायचे आणि मग मोठ्यानं सांगायचे. तेव्हा कळतं की एकाचे ७० म्हणजे दुसऱ्याचे ५५. एकदा हे बोलून झालं की पुढची निम्मी भांडणं मिटतात.

मग पहिली फेरी. तीस-चाळीस गाणी असतील तर या फेरीत मार्क देऊच नका, नुसतं हो, नाही, बघूया. तिघांपैकी दोघांचे हो असतील तर गाणं पुढं. एकाचाच हो असेल पण तो अगदी ठाम असेल तर तेही पुढं जाऊ दे, कारण वेगळ्या वाटेची गाणी नेमकी एकालाच आवडलेली असतात आणि पहिल्या फेरीत मारली जातात.

गाणी कुठल्या क्रमानं ऐकायची म्हणाल तर हा विषय मोठमोठ्या ठिकाणीही सुटलेला नाही. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तिथं अंतिम फेरीत कोण कुठल्या दिवशी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, तरी नंतर वाजवणाऱ्यांचे नंबर वर लागलेले दिसले. सुरुवातीला परीक्षक हात राखून मार्क देतो, पुढं कुणीतरी चांगलं येईल म्हणून. आपल्याला तर हे टाळणं सोपं आहे कारण आपल्याकडं फाईली आहेत, प्रत्यक्ष स्टेज नाही. प्रत्येक परीक्षकाला गाणी वेगळ्या क्रमानं द्या, एक्सेलमध्ये रँडम आकडे टाकून सॉर्ट करा, झालं. आणि सगळी ऐकून संपल्यावर पहिली चार परत ऐका, मार्क बदलावेसे वाटले तर खुशाल बदला.

एका बैठकीला दहा-बारा गाण्यांच्या वर जाऊ नका. मधे उठा, चहा घ्या, पाच मिनिटं काही ऐकू नका. अंतिम फेरीतलं प्रत्येक गाणं दोनदा, पहिल्यांदा पेन खाली ठेवून आणि दुसऱ्यांदा पेन घेऊन. आणि मार्क लिहायच्या आधी एक ओळ लिहायची, काय आवडलं, कुठं खटकलं. आकडा आधी आणि कारण नंतर लिहिलं की आपण त्या आकड्याची वकिली करत बसतो.

‘ही चाल कुठंतरी ऐकलीय’

हे वाक्य प्रत्येक स्पर्धेत येतं. यमन रागात बांधलेली दोन गाणी एकमेकांसारखी वाटणारच, तीव्र मध्यम, नि-रे-ग, त्या वाटेनं सगळेच जातात. भूपाळी रागात तर सूरच पाच, किती वेगळं करणार. राग सारखा, ताल सारखा, वळण सारखं एवढ्यावर चोरी म्हणायचं नाही. मुखड्याची पूर्ण ओळ, सुरासकट आणि लयीसकट, दुसऱ्या गाण्याशी जुळली तर मग बोलायचं, आणि तेव्हा ‘ऐकल्यासारखं वाटतं’ असं न म्हणता ते मूळ गाणं काढून लावायचं, तिघांनी ऐकायचं, मग ठरवायचं.

शब्द दुसऱ्या कवीचे असतील तर तेही बघावं लागतं. आपल्या कायद्यात कवी हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, संतांच्या रचनांना अर्थातच ती अडचण नाही. अलीकडच्या कवीची कविता असेल तर परवानगीचं पत्र एंट्रीबरोबरच मागा, बक्षीस दिल्यावर नको.

राहता राहिलं एआय. आता मोबाईलवर चार शब्द टाकले की वाद्यांसकट आख्खं गाणं तयार होऊन येतं. ऐकून ओळखता येईल या भरवशावर राहू नका, कधी येतं कधी नाही येत. त्यापेक्षा नियमातच टाका की अंतिम फेरीत आलेल्यानं चाल बांधतानाची कच्ची रेकॉर्डिंग द्यायची, मोबाईलवर गुणगुणलेलं, पेटीवर चाचपडलेलं, काहीही, नाहीतर समोर बसून मुखडा आणि अंतरा बिनवाद्याचा म्हणून दाखवायचा. ते नोंदणीवाल्यानं तपासायचं, परीक्षकांनी नव्हे, नाहीतर नाव झाकलेलं उघडं पडतं. ज्यानं स्वतः बांधलंय त्याच्याकडं अर्धवट टाकून दिलेल्या चार चाली तरी असतातच.

बेरीज

आता हा भाग कंटाळवाणा वाटेल पण नीट वाचा. समजा अंतिम फेरीत तीन गाणी आणि तीन परीक्षक. पहिल्या परीक्षकाचे मार्क ७४, ७२, ७०. दुसऱ्याचे ७५, ७३, ७१. दोघांचंही म्हणणं एकच, पहिलं गाणं वर, तिसरं गाणं खाली. तिसरा परीक्षक मोकळ्या हाताचा, त्यानं दिले ५५, ६०, ८५. बेरीज करा : पहिल्या गाण्याला २०४, दुसऱ्याला २०५, तिसऱ्याला २२६. म्हणजे जे गाणं दोघांनी शेवटचं ठरवलं ते पहिलं आलं, कारण तिसऱ्या माणसाचा आकड्यांचा पल्ला मोठा आहे. त्यानं काही लबाडी केलेली नाही हे लक्षात घ्या.

आता मार्क बाजूला ठेवून प्रत्येकाच्या मार्कांवरून नंबर लावा. पहिल्या गाण्याचे १, १, ३ म्हणजे ५. दुसऱ्याचे २, २, २ म्हणजे ६. तिसऱ्याचे ३, ३, १ म्हणजे ७. कमी बेरीज तो वर, म्हणजे पहिलं गाणं पहिलं, निकाल पूर्ण उलटा. अंतिम फेरीत आठ-दहा गाणी असतील तर मी नेहमी नंबरांची बेरीज धरा म्हणून सांगतो. बरोबरी झाली तर चालीच्या ४० मध्ये कोण पुढं ते बघायचं, आणि हेही आधीच लिहून ठेवायचं.

२०१५ साली वॉर्साच्या शोपां पियानो स्पर्धेत अंतिम फेरीत एका परीक्षकानं सेओंग-जिन चो याला १० पैकी १ दिला होता, बाकीचे बहुतेक नऊ-दहा देत असताना. तरी तो पहिला आला, कारण परीक्षक डझनाच्या वर होते, एकाचा एक त्यात बुडून गेला. आपल्याकडं तिघेच असतात, तिथं असा एक आकडा आला की गाणं मेलंच.

निकालाची बैठक

आधी सगळ्यांनी मार्क लिहून, सही करून पाकीट नोंदणीवाल्याकडं द्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. नाहीतर काय होतं, खोलीतले सगळ्यात ज्येष्ठ बुवा ‘तीन नंबर छान होतं हो’ म्हणतात आणि बाकीच्यांची पेनं आपोआप तिकडं वळतात. ज्येष्ठांनी शेवटी बोलायचं, हे त्यांना आधीच हात जोडून सांगून ठेवा, बरेचसे ऐकतात. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना या खोलीत प्रवेश नाही, प्रायोजकांना तर नाहीच, चहा आत पाठवला की झालं. चर्चेत कुणाला मार्क बदलायचे असतील तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा आणि शेजारी कारण आणि सही. खोडलेला वाचता आला पाहिजे.

अंतिम फेरीतल्या प्रत्येकाला दोन ओळी लिहून द्या. ‘छान प्रयत्न, रियाज वाढवा’ असलं काही लिहू नका, त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही. असं लिहा : ‘मुखडा लक्षात राहतो. दुसऱ्या अंतऱ्यात चौथ्या ओळीला शब्द तुटतो, तिथं अर्धी मात्रा आधी उचललं तर बसेल.’ एवढं वाचून तो पोरगा घरी जाऊन पेटी उघडून बसतो. सगळ्यांचे मार्क आणि नंबरांची बेरीज बोर्डावर लावून टाका, परीक्षकांची नावं न घालता १, २, ३ अशी. पहिले दोन दिवस लोक बघतील, फोटो काढतील, कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज तपासेल. तपासू दे, आणि बेरीज चुकलेली निघाली तर लगेच दुरुस्त करून तिथंच लावा. मूळ पत्रिका पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपर्यंत कपाटात जपून ठेवा, पुढच्या परीक्षकांना सरावाला त्याच कामाला येतात.